उण्या मापाची साक्ष

त्या वर्षी माझा देवावर राग होता, आणि तो मी लपवत नव्हतो. महायुद्ध चालू होतं. कुंडलच्या पलीकडे आमचं गाव. तिथे ज्वारी नजरेला पडेनाशी झाली होती. पेठेतला व्यापारी शेतकऱ्याकडून घेताना मापावर शीग चढवून घ्यायचा आणि गरिबाला देताना तेच माप तळहाताने सपाट करायचा, वर त्यात कोंडा. त्याची पडवी पोत्यांनी भरलेली. आणि इकडे आमच्या ख्रिस्ती मंडळीतली विधवा साराबाई, तिचा एकुलता लेक फौजेत, चार महिने पत्र नाही. घरात सून ओली बाळंतीण, पण पोटाला पुरेसं नाही म्हणून अंगावर दूध नाही. दीड महिन्याची नात रडून रडून निपचित पडायची. ती पोर जगते की नाही, याच काळजीत अख्खी वस्ती होती. मी प्रार्थनेला गुडघे टेकले की तोंडून एवढंच निघायचं, "तुला हे दिसत नाही का?"

मी वस्तीतल्या ख्रिस्ती शाळेचा मास्तर. पाळकसाहेब सांगलीहून महिन्यातून एकदा येत, म्हणून बाकीचे रविवार उपदेश माझ्याकडे. मंडळीची कणगीही माझ्याच ताब्यात होती. कापणीच्या सणाला प्रत्येक घर आपल्या पिकातला वाटा देवळात आणायचं. ते धान्य कणगीत साठवायचं आणि अडल्यानडलेल्या घरांना दर आठवड्याला एक अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचं लाकडी माप, मोजून द्यायची, अशी आमची जुनी रीत. पूर्वी ही कणगी शिमग्याच्या आतच तळ गाठायची. पण गेली तीन वर्षं ती थेट ज्येष्ठापर्यंत पुरू लागली होती. धान्य तेवढंच, घेणारी घरंही तेवढीच. देवाने आमच्या कणगीवर हात ठेवला आहे, अशी साक्ष मी भर उपासनेत उभा राहून दिली होती, एकदा नव्हे, तीनदा. पाळकसाहेबांनी ती साक्ष इतर गावांतही सांगितली. साराबाई मात्र दर आठवड्याला ओटी पसरून म्हणायची, "पुरत न्हाई वं, मास्तर." मी तिला काटकसर शिकवायचो. विश्वास कमी पडतो तुझा, असंही एकदा बोललो. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्या साली कापणीच्या सणाला मी उपदेशासाठी आमोस संदेष्टा घेतला, कारण माझ्याइतकाच संतापलेला माणूस मला शास्त्रात दुसरा सापडेना. इस्राएल लोकांची तेव्हा दोन राज्यं झाली होती. उत्तरेकडच्या राज्यात सुबत्ता होती. श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळत, बेथेलच्या देवळात यज्ञ, सण, गाणी यांची रेलचेल होती. आणि त्याच राज्यात व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपतो याची वाट बघत, की दुकान उघडून लहान मापाने धान्य विकावं आणि गरिबाच्या पदरात भुसा घालावा. अशा ठिकाणी दक्षिणेतून आमोस आला. ना पुरोहित, ना पंडित. मेंढरं राखणारा आणि उंबरांची निगा करणारा साधा माणूस. त्याने तोंडावर सांगितलं, की देवाला तुमच्या सणांचा वीट आला आहे, गाणी पुरे करा, आधी न्याय वाहू द्या. तेव्हा बेथेलचा याजक त्याच्यावर खेकसला, तुझ्या मुलखात चालता हो, तिकडे भाकरी खा आणि तिकडेच संदेश दे. मी त्या याजकाला खूप झोडपलं. पेठेतल्या व्यापाऱ्याचं नाव न घेता त्याची सालटी काढली. लोक माना डोलवत होते आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

उपासना संपली. देवळाच्या पायरीवर माणदेशातून आलेला एक धनगर बसला होता. कापणी झाल्यावर मंडळीच्या वावरात त्याने दोन रात्री मेंढरं बसवली होती, खतासाठी. त्याबद्दल दोन अधोल्या ज्वारी द्यायची ठरली होती. सगळ्यांसमक्ष मी कणगीपाशी बसलो आणि त्याच्या घोंगड्यात दोन मापं ओतली. त्याने धान्य न्याहाळलं, माझ्यापुढची अधोली उचलली आणि तिच्यात हात घातला.

"मास्तर, ह्ये माप उणं हाय," तो म्हणाला. "अधुलीत माझं मनगट बुडतं. ह्यात बुडत न्हाई. भायेरनं बगा आन् आतनं बगा, तीन बोटांचा फरक हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवाच्या कणगीला हा मेंढक्या उणं म्हणतो, तेही सणाच्या दिवशी, अख्ख्या मंडळीसमोर! मी ताडकन उठलो आणि ओरडलो, "चल, नीघ हितनं! तुझ्या माणदेशात जा, तिथं भाकरी खा आणि तिथंच शहाणपण शिकव!"

"बरं, मास्तर," म्हणून त्याने घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो चालू लागला. मला वाटलं, लोक माझ्या बाजूने आहेत. मग साराबाईकडे नजर गेली. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, फक्त आश्चर्य होतं. तेव्हा कुठे माझ्या कानांना मी काय बोललो ते ऐकू आलं. अर्ध्या तासापूर्वी त्या याजकाचे म्हणून जे शब्द मी उपदेशात सांगितले होते, तेच आता माझ्या तोंडून गेले होते.

अधोली उलटी केली. तीन वर्षांपूर्वी तिचा तळ चिरला होता आणि मी ती सुताराकडे दिली होती. त्याने जुना तळ न काढता आतून जाड फळी ठोकून दिली. मी ते पाहिलं होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. लाकूड आत बसलं म्हणजे धान्य कमी मावणार, हे दुसरीतल्या पोरालाही मी शिकवत होतो. पण कणगी सरेना आणि लोक साक्षीला आमेन म्हणू लागले, मग मी तळाकडे पुन्हा पाहिलंच नाही. ज्याला चमत्कार म्हणत होतो ते साराबाईच्या घरचं उपाशी पोट होतं. व्यापारी निदान त्याला व्यापार म्हणत होता. मी त्यात देवाचं नाव गोवलं होतं!

फळी कोयत्याने उचकटून फेकली आणि त्या चिरलेल्या मापानेच शीग लावून मोजत साराबाईसाठी पाटी भरली. ती तोवर घरी पोचली होती. मी धावतच गेलो. दारात बघतो तर तोच धनगर उकिडवा बसून आपल्या कळपातल्या शेळीची धार काढत होता, आणि साराबाई कापडाच्या बोळ्याने पोरीच्या ओठांत दूध पिळत होती. पोर चुटूचुटू ओढत होती.

"वाटंनं जाताना रडणं ऐकू आलं," मान वर न करता तो म्हणाला. "शेळी ऱ्हाऊ द्या हितंच. मिरगाला माघारी येतो, तवा नेईन."

मी हात जोडले, चुकलो म्हणालो, त्याचं राहिलेलं धान्य पुढे केलं. त्याने पाटीकडे बघितलं. "आदी बाळंतिणीला घाला. आन् माप तेवढं नीट करा, मास्तर."

तो कोण होता, आमच्याच दारी का आला, यावर मी वाद घालत नाही. आमोसाचं नाव त्याने ऐकलेलं नसणार. एवढं खरं, की वर्षभर मी देवाला ओरडून विचारत होतो, तुला दिसत नाही का. आणि त्याला सगळं दिसत होतं, माझ्या मापाच्या तळापर्यंत. पेठेतल्या व्यापाऱ्याचा मला अजूनही राग येतो, येऊ नये असं वाटतही नाही. पण आता बोलायच्या आधी मी स्वतःच्या मापात मनगट घालून बघतो.

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो आणि तिन्ही साक्षी मागे घेतल्या. पाळकसाहेबांनाही पत्र लिहून कळवलं. साराबाईची नात तगली, बाळसं धरू लागली. नव्या तळाच्या अधोलीने मी दर आठवड्याला शीग लावून देत राहिलो, आणि उद्याचं उद्या देव बघेल म्हणत गेलो.

त्या वर्षी कणगी शिमग्याच्या आधीच रिकामी झाली. मी आत वाकून तळ पाहिला आणि देवाचे आभार मानले.