कुलरची हवा आणि काकांचं मीठ

एप्रिलमध्ये रत्नागिरीहून वाशिम जिल्ह्यात फिरायला जाते म्हटलं, तर ऑफिसात सगळे हसले. खरं कारण मावशी होती. काका गेल्यापासून मी तिच्याकडे किन्हीराजाला फिरकलेच नव्हते.

पुण्याहून नागपूरकडे जाणारी ट्रॅव्हल्स घ्या आणि मालेगावला उतरा (वाशिमच्या; नाशिकच्या मालेगावचं तिकीट काढू नका). स्टँडवर गरम आलूबोंडा खाऊन पुढे एसटीने निघायचं.

मावशीच्या अंगणात उकडलेली हळद वाळत होती, तिची वर्षाची मिळकत. मधल्या खोलीच्या कोनाड्यात वाटीभर खडेमीठ होतं, काकांनी ठेवलेलं.

"समुद्राची वाफ आधी मिठाले भेटते, मंग आभाळाले, असं म्हनत ते," मावशी म्हणाली. मिठाला पाणी सुटलं की पाऊस जवळ आला, हळद झाकायची, हा काकांचा नियम. आमच्याकडे मीठ बारमाही ओलं असतं, त्यामुळे मला गंमत वाटली.

उन्हाने माझा जीव जात होता. मावशीने शेजारून तिचे दीर शामराव यांचा कुलर आणवला आणि त्याच मधल्या खोलीत लावला. दुसऱ्या दिवशी मी शेलूबाजारला एसटी बदलून कारंज्याला गेले. जैन मंदिरातली लाकडावरची नक्षी जरूर बघा, मात्र दुपार टाळा. परतल्यावर खोली गार मिळावी म्हणून मी कुलर चालूच ठेवला होता.

संध्याकाळी येते तो अंगणात धावपळ. अर्धवट वाळलेली हळद गोळा करून मावशी तिच्यावर ताडपत्री ओढत होती.

"वयनी, आभाळात ढग नाही, कायले झाकता?" शामराव वैतागले होते.

"मिठाले पानी सुटलं भाऊजी. त्यायचं मीठ कधी चुकलं नाही."

तीन दिवस मीठ पाझरत राहिलं आणि वर आभाळ लख्ख. चौथ्या दिवशी शामरावांनी ताडपत्री उचलली. आतून तिला थेंब लटकले होते. हळदीची वाफ कोंडून तिच्याच अंगावर गळली होती. खालची हळद बुळबुळीत, वर पांढरी बुरशी.

 मावशी आत जाऊन मिठाची वाटी घेऊन आली.

"त्यायचं मीठ बी खोटं निघालं," ती म्हणाली आणि मागच्या उकिरड्याकडे गेली.

मी दारात उभी होते. पाठीवर कुलरची ओली हवा येत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडाला कुलूप लागलं. मी भेकड निघाले. दुसऱ्या सकाळी डबा घेऊन निमूट एसटीत बसले.

घरी आल्यावर आठवडाभर मिठाच्या बरणीकडे बघवेना. इथून निघालेली वाफ घाट चढताना बरीचशी सांडते आणि उरलेली वऱ्हाडापर्यंत पोचते. काका तिचीच वाट बघायचे. मी तशीच वाफ कुलरच्या टाकीतून खोलीत सोडली होती.

शेवटी फोन केला आणि सगळं सांगितलं. हळदीची भरपाई देते म्हणाले. ते तिने ऐकलंच नाही.

"म्हंजे मीठ खरं होतं?"

"हो मावशी. त्या खोलीतल्या हवेबद्दल खरंच सांगत होतं."



"म्या तं फेकलं ना पोरी," ती म्हणाली. "ते खडे त्यायच्या हातचे होते."