अंगात आलं नव्हतं, दम लागला होता

गेल्या कार्तिकात माझा देवावरचा विश्वास डळमळला होता, हे आधीच कबूल करून टाकतो. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळात कार्तिकभर पहाटे काकडा होतो, आणि तीस वर्षं तो मीच म्हणत आलो. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, थंड पाण्यानं आंघोळ केल्याशिवाय देवळाची पायरी चढायची नाही, असा माझा नेम होता. वय चौऱ्याहत्तर झालं तरी तो ढळला नाही. नेमापेक्षा त्यात हट्टच जास्त होता. खोकला सुरू झाला तेव्हा धानाची मळणी चालू होती, म्हणून मी तो खुशाल धुळीच्या नावावर खपवला. बायको रोज विचारायची, "पानी तापवून देऊ का जी?" मी म्हणायचो, मारुतीरायानं कधी पाणी तापवून आंघोळ केली होती का?

नवव्या पहाटे काय झालं ते मला पुढे लोकांनी सांगितलं, कारण माझं भानच हरपलं होतं. आरती अर्ध्यात सोडून मी भलतंच बोलू लागलो, कधीच्या वारलेल्या आईशी गप्पा मारू लागलो, अंग थरथरू लागलं. मंडळींना वाटलं, बुवाच्या अंगात आलं. टाळ जोरात वाजू लागले. कुणी पायावर डोकं ठेवलं, एकानं तर पोरीचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं! आज हसू येतं, पण तेव्हा माझा जीव जात होता आणि माझीच माणसं हात जोडून बघत होती.

शेजाऱ्यांकडे एक पाहुणी आली होती, कुठल्याशा दवाखान्यात नर्स असलेली. ती काकड्याला आली ती त्याच एका दिवशी. गर्दीतून पुढे येऊन तिनं माझ्या छातीकडे पाहत श्वास मोजले आणि टाळ बंद करायला लावले.

"अंगात-गिंगात काही नाही आलं जी. यायले दम लागला आहे. ओठ पाहा, निळे पडून राहिले. आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याले न्या."

"पन यायले ताप तं नाही ना, बाई!" कुणीतरी माझ्या कपाळाला हात लावून म्हणालं.

"म्हाताऱ्या मानसाले निमोनियात ताप येतेच असं नाही. असंच बरळत सुटते."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. नाकातोंडावर ऑक्सिजन, हातात सुई, शिरेतून औषधं. डॉक्टर माझ्या मुलाला म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. तिसऱ्या दिवशी मला नीट शुद्ध आली, आणि पहिला विचार आला तो काकड्याचा नेम मोडल्याचा. मला रडू कोसळलं. एवढ्या वर्षांची सेवा, आणि देवानं मला मध्येच देवळातून उचलून बाहेर काढलं, असं वाटलं. खरंच राग आला होता त्याचा. तिकडे सिस्टर कोमट पाण्यानं अंग पुसून द्यायच्या, पाठ टेकवून ताठ बसवायच्या, लांब श्वास घ्यायला लावायच्या, ठसका लागू नये म्हणून पाणी घोटाघोटानं पाजायच्या. मी लहान लेकरासारखा सगळं करू देत होतो, कारण दुसरा इलाजच नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी ऑक्सिजन काढला. मी काकडा म्हणायला गेलो, तर एका ओळीलाही श्वास पुरेना. तेव्हा उशाशी बसलेल्या बायकोनं हळू आवाजात पुढची ओळ घेतली. मग त्याच्या पुढची. सगळा काकडा तिला तोंडपाठ होता! मी देवळात गायचो तेव्हा ती घरी चुलीपाशी म्हणायची, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या आजीनं हात जोडले. मी डोळे मिटून फक्त ऐकलं. सेवा माझ्यावाचून अडली नव्हती. माझा रुसवा तिथेच गळून पडला.

गावात आता म्हणतात, त्या नर्सबाईच्या रूपानं मारुतीच आला. मी वाद घालत नाही. मी एवढंच म्हणतो की त्यानं तिला वेळेवर धाडलं आणि मला तिच्या हाती सोपवलं. आपण त्याला धरून ठेवतो असं मला वाटायचं. धरून तर त्यानंच ठेवलं होतं.

यंदाच्या कार्तिकात काकडा बायकोनं सुरू केला. मी गरम पाण्यानं आंघोळ करून, स्वेटर-मफलर घालून, मागच्या रांगेत बसलो आणि टाळ धरला.