ड्रॅगनमधला मासा
बेकरीतून गरम पावाचा वास आला की मला रत्नागिरीतला फिनिश भाषेचा वर्ग आठवतो. फिनलंडमध्ये नर्सची नोकरी हवी तर ती भाषा यायला हवी होती, आणि मी इतकी मागे पडले होते की वर्ग सोडायच्या बेतात होते. अशाच एका सकाळी खिडकीतून सुक्या मासळीचा वास येत होता. पडद्यावरून ऑनलाइन शिकवणाऱ्या फिनिश मॅडमनी विचारलं, "ड्रॅगनला आम्ही लोहिकॅर्मे म्हणतो. लोहि म्हणजे सॅमन मासा, कॅर्मे म्हणजे साप. यात मासा कुठून आला?" कुणी म्हणालं, खवल्यांमुळे. मला बुरोंडीची आत्या आठवली. "पायांनी तुडवतात म्हणून तो पाव, मी नाही हो खायची," असं ती म्हणायची. शब्द मूळचा पोर्तुगीज, पण तिला त्यात पाय ऐकू यायचा. मी अडखळत म्हटलं, "मॅडम, तो मासा नसेलच. परका शब्द कानाला माशासारखा वाटला असेल." त्या हसल्या. "अगदी बरोबर. हा शब्द आम्ही जुन्या स्वीडिशमधून घेतला. त्यात 'फ्लोग' होतं, म्हणजे उडणं. आम्ही त्याचं लोहि केलं." सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघत होता. त्यानंतर मी कधी गप्प बसले नाही, आणि आज फिनलंडमधल्या आमच्या इस्पितळात नवी नर्स आली की तिला भाषा शिकवायला माझ्याकडेच पाठवतात.