धाकल्या काकी आणि आडातली सुंदरा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. हा निकाल श्रीरामपुरात, आमच्या गल्लीत, तांदूळ निवडता निवडता धाकल्या काकींनी दिला. त्यावर अपील नाही, आणि असतं तरी ते करायची कुणाची छाती झाली नसती. भूत या विषयावर बोलायचा त्यांच्याइतका अधिकार गावात दुसऱ्या कुणाला होता? त्या एका भुताबरोबर नांदत होत्या.

घाबरू नका, सांगते. लढाई संपत आली होती, रॉकेल रेशनवर होतं, आणि ह्यांची स्टेशनवर नोकरी म्हणून मी नवी नवरी काकींच्या शेजारी राहायला आले होते. काकी काकांची दुसरी बायको. पहिली, म्हणजे थोरली, बाळंतपणात गेली आणि मागे मुलगी ठेवून गेली, ती शकू. त्या घरात दुसरेपणाची आली की गळ्यात सवतीचा टाक घालायची रीत होती. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. गेलेलीचा मान राखला की ती त्रास देत नाही, अशी समजूत. काकी रोज सकाळी टाक धुवायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि शकूला हाक मारायच्या, "ये गं, आईच्या पाया पड."

नवं लुगडं आलं की आधी टाकाला टेकवायच्या. "थोरल्या बाई, आधी तुमी. मग मी नेसते." पुरणाची पहिली पोळी टाकापुढे, हिरव्या बांगड्या टाकापुढे. मी इयत्ता चौथी पास, म्हणजे त्या गल्लीत विदुषीच. मी एकदा विचारलं, "काकी, तुम्हाला हिची भीती नाही वाटत?"

"वाटती की," काकी म्हणाल्या. "पर रोज वाटती, म्हंजी सवय हाय."

अशा बाईला भुताच्या सिनेमांचा नाद असावा, यात नवल ते काय. त्यांचं माहेर खर्ड्याकडचं. लहानपणी तिथल्या जत्रेत तंबूत त्यांनी 'आडातली सुंदरा' नावाचा मूकपट पाहिला होता आणि त्याची गोष्ट त्यांनी मला किमान वीस वेळा करून दाखवली. सांगितली नाही, करून दाखवली. केस पुढे घ्यायच्या, पदर ओला असल्यासारखा जड करायच्या आणि ओसरीवरून अशा चालत यायच्या की मी तांदळाचं सूप छातीशी धरून मागे सरकायची. सुंदरा ही आडात पडून मेलेली सून. तान्हं पोर मागे राहिलेलं. रोज दुपारी घर निजलं की जमिनीवर ओली पावलं उमटत, आणि पाळणा आपोआप हलायला लागे. बस्स. सगळ्या सिनेमात ती बाई दोनदाच दिसे, तीही पाठमोरी. "बायका रडाया लागल्या बघ," काकी सांगायच्या. "भ्याल्या बी अन् रडल्या बी. दोन्ही एकाच वक्ताला."

मग त्याच गोष्टीचा नवा बोलपट आला. फक्त बायकांसाठी दुपारचा खेळ होता, आम्ही दोघी गेलो. नव्या सुंदरेच्या पायांत पैंजण होते, ती तीन गाणी म्हणाली आणि मध्यंतराच्या आधी अशी खदाखदा हसली की पुढच्या बाकावरची पोरं उठून उभी राहिली. मी तर काकींचा दंड घट्ट धरला. काकी शांत. बाहेर आल्यावर टांग्यात बसता बसता म्हणाल्या, "आडातून निघालेली बाई, अन् पदराला इस्तरी? अन् गाणारं भूत कुनाचं काय वाईट करनार गं? त्याचं सगळं ध्यान तबल्याकडं."

"पण काकी, मी घाबरले हो."

"तू दचकलीस. फटाका वाजला तरी मानूस दचकतं. भेनं येगळं."

तो बोलपट मात्र चालला. इतका चालला की कंपनीने पुढचा भाग काढायला घेतल्याची बातमी आली, आणि काकींनी तो न बघताच निकाली काढला. "पहिल्यात भुताला काम हुतं, लेकराचा पाळणा हलवायचं. दुसऱ्यात भुताला नुसता पगार." आरंभी दिलेला निकाल तो हाच. मी हसून हसून लोळले. त्या मात्र हसल्या नाहीत, आणि का, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्याच सुमारास काकींचं बाळ आजारी पडलं. आठ महिन्यांचा मुलगा, दूध अंगी लागेना, पोट फुगलेलं, ताप उतरे आणि चढे. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी औषध दिलं, पाणी उकळून द्यायला सांगितलं. काकी पाणी उकळत होत्या. पण काकींच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली आजी म्हणायची, त्यांनी रोग केव्हाच ओळखला होता. "थोरलीचं काम हाय हे. तिला पोरगी झाली, हिला पोरगा झाला. तिला बघवंना." देवऋषी येऊन गेला. ठरलं असं, की अमावस्येला चौकटीत खिळा ठोकून थोरलीला बांधून टाकायचं, टाक प्रवरेत सोडायचा, आणि त्यानंतर घरात तिचं नावही काढायचं नाही.

काकींचं ध्यानच उडालं. तांदूळ निवडायला बसायच्या आणि खडे ताटात टाकून तांदूळ फेकायच्या. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरी, खिळा ठोकला अन् हे बरं झालं, तर शकूची आई माझ्या पोरापायी घरातनं गेली. शकूला मी काय सांगू? अन् मी न्हाई म्हनले अन् हे पोर गेलं, तर..." पुढचं वाक्य त्यांनी तांदळात सोडून दिलं.

"तुम्हाला काय वाटतं काकी? थोरल्या बाई करतात हे?"

"मला काय ठावं?" त्या एकदम चिडल्या. "मी काय त्यांना बघितलंय? मी नुसतं धुतलंय त्यांना रोज."

आणि अशा वेळी, अगदी अमावस्येच्या आदल्या दिवशी, गावात तो दुसरा भाग लागला. टांग्यावर फलक, पुढे ताशा, आणि एक माणूस कर्णा तोंडाला लावून ओरडतोय: या वेळी सुंदराचा कायमचा बंदोबस्त! काकी दाराआड गेल्या. आजी मात्र दारात येऊन उभ्या राहिल्या. जन्मात सिनेमाचं तोंड न पाहिलेल्या, सिनेमाला जाणाऱ्या बाईला घरबुडवी म्हणणाऱ्या आजी! म्हणाल्या, "धाकले, लुगडं बदल. मांत्रिक कसा बांधतो ते डोळ्यांनी बघ. तुझी भीड चेपंल."

आम्ही तिघी गेलो. बाळ आजींच्या मांडीवर, काकी मध्ये, मी कडेला. शकूला गल्लीतल्या एका बाईंकडे ठेवलं होतं.

खेळ सुटल्यावर टांग्यात आजी बाळाला थोपटत रस्त्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी देवऋषी आला, खिळा, लिंबं, काळी बाहुली असं सगळं घेऊन. आजींनी त्याला ओसरीची पायरी चढू दिली नाही. "आमच्या घरातलं मानूस हाय ते," त्या म्हणाल्या. "आमचं आमी बघू." तो लई बोलला, पोराच्या जिवाची जोखीम तुमच्यावर म्हणाला. आजींनी एकदा मागे वळून बाळाकडे पाहिलं, ते मला माझ्या खिडकीतून दिसलं. पण दार त्यांनी लावलं.

पोर वाचलं. लगेच नाही, सगळा उन्हाळा त्याने आम्हाला टांगून ठेवलं, दोनदा तर काकींनी त्याला माझ्या हातात दिलं आणि स्वतः परसात जाऊन उभ्या राहिल्या, कारण बघवेना. वाचल्यावर आजी म्हणाल्या, थोरलीनं सोडलं. काकी म्हणाल्या, थोरलीनं राखलं. नर्सबाई म्हणाल्या, पाणी अजून उकळूनच द्या.

पुढे ह्यांची बदली झाली. निघताना काकींनी माझी ओटी भरली आणि कानात म्हणाल्या, "तिकडं तिसरा भाग लागला तर बघू नको, मला कळव. मी न बघताच सांगंन." मी पत्रं लिहायची, त्या शकूकडून उत्तर लिहवायच्या. आजी गेल्याचंही तसंच कळलं. मग एका पत्रात शकूचं अक्षर होतं, पण शब्दही शकूचेच होते, आणि पहिल्या ओळीतच मी समजले. आता गेलेल्या आई दोन झाल्या, असं तिने लिहिलं होतं. मी ते पत्र पुरतं वाचू शकले नाही, अजूनही वाचलेलं नाही.

पण त्या दुपारी थेटरात झालं काय, हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. आजींनी सांगितलं नाही, काकींना विचारलं तर त्या लाजायच्या. मी मात्र कडेला बसले होते.

दुसऱ्या भागातली सुंदरा गावातली पोरं खात होती. अर्ध्या खेळात चार खाऊन झाली होती. बायका किंचाळत होत्या, शेंगा सोलत होत्या, पुन्हा किंचाळत होत्या. काकी जांभई देत होत्या. मग शेवटी ती आपल्या जुन्या घरात आली. बहुधा कंपनीवाल्यांना जुन्या मूकपटाची आठवण झाली असावी, कारण गाणं थांबलं, पैंजण थांबले, आणि जमिनीवर ओली पावलं उमटली. ती पाळण्यापाशी बसली. तेवढ्यात दारामागून भल्या मोठ्या मिशांचा मांत्रिक निघाला, हातात हा एवढा खिळा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजी बाळाला थोपटत म्हणाल्या, "बघ, आता बघ." मांत्रिकाने हातोडा उचलला, आणि माझ्या शेजारी काकी ताडकन बाकावर उभ्या राहिल्या. साऱ्या थेटराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

"अरे मेल्या, मारू नको! लेकराला बघाया आलीया ती! बसू दे की तिला घटकाभर!"