बाबांच्या डोळ्यातलं कुसळ

आमच्या धावडा गावाच्या वरच्या माळावर मुरमावर जेमतेम वीतभर माती आहे. तिथं कुसळी गवत उगवतं. हिरवं असतं तोवर मेंढ्या ते आवडीनं खातात. दसरा सरला की ते पिकतं आणि त्याचं एकेक बी सुईसारखं टोकदार होतं. लोकरीत, धोतरात शिरलं की आत आत जात राहतं. माझ्या वडिलांचा जन्म त्याच माळावर मेंढ्यांमागं गेला. लहानपणी मेंढ्यांच्या अंगातली कुसळं मीच काढायची.

पुढं मी जालन्यात बँकेत लागले. चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, बाबांचा फोन आला.

"बाई, डोळा खुपून राह्यला. कुसळ गेल्तं. तुझ्या मायनं काढलं, पण लाली जात न्हाई."

काउंटरवर गर्दी होती. "औषध पाठवते," मी म्हणाले. मागं माझा डोळा सुजला होता, तेव्हाच्या ड्रॉपची अर्धी बाटली घरात होती. गावाकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या मास्तरांजवळ ती दिली; त्यांनी ती माळावर बाबांच्या हाती दिली. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "बिलकुल आराम हाये." मी निर्धास्त झाले.

पंधरा दिवसांनी माय त्यांना घेऊन जालन्याला आली. बुबुळावर पांढरा डाग पडला होता. दवाखान्यात माय बाहेर बाकावर बसली, मी बाबांसोबत आत गेले. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काय टाकत होता?" बाबांनी खिशातून बाटली काढली. डॉक्टरांनी नाव वाचलं.

"गवत लागलेल्या डोळ्यात बुरशी धरते. या औषधानं आधी बरं वाटतं, पण बुरशी वाढते. हे कुणी दिलं?"

बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुकानातून आणलं."



दोन महिने औषधं चालली, पण त्या डोळ्याची नजर काही आली नाही. शेवटच्या तपासणीनंतर स्टँडवर गाडीची वाट बघताना मी विचारलं, "बाबा, खोटं का बोललात?"

"मंग? परक्या माणसासमोर लेकीला बोल लावून घेऊ?"

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं.

बाबा अजून मेंढ्या घेऊन माळावर जातात. मान जराशी डावीकडं, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला वळवून चालतात. मायलाही त्यांनी दुकानाचंच सांगितलंय; माझं गावी जाणं झालं, की जेवताना ती त्या दुकानदाराला शिव्या घालते. बाबा खाली बघून जेवत राहतात, आणि मीही.