लिंबाएवढा ग्रह

“नुसतंच लिंबू टांगलंय? मिरच्या राहिल्या की!” माझ्यामागे एक काकू पुटपुटल्या, आणि गोडबोलेकाका स्टेजवर यायच्या आत त्यांनी लिंबाखाली दोन हिरव्या मिरच्या बांधूनही टाकल्या.

काकांच्या हाताला त्या लागल्या तेव्हा ते खूश झाले. “वा! यंदा ग्रहाला चंद्रही मिळाले. राहू द्या.”

धारच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले काका देवासला आमच्या शेजारी राहत. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडू लागल्याच्या बातम्या आल्यापासून गणेशोत्सवात त्यांचा हाच कार्यक्रम. मधोमध दुधी काचेचा दिवा, भोवती फिरणारी लाकडी थाळी आणि थाळीवरच्या तारेला लिंबू. पुढे जाड पडदा, लोकांना ग्रह दिसू नये म्हणून. लोक भजनाच्या ठेक्यात टाळ्या वाजवत आणि काका एक हात पडद्याआड घालून त्या ठेक्यावर थाळी फिरवत.

“ग्रह दिसत नसतो, भिया,” समोरच्या कुणालाही भिया म्हणत ते सांगत. “तो समोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा उतरतो, एवढंच. खरा ग्रह तर या दिव्यापुढे मोहरी. आणि एकदाच उतरला तर माशी समजा. ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा उतरला, तर ग्रह.”

माणसांनाही ते हाच नियम लावत. नवा भाडेकरू गोड बोलला की म्हणत, “थांबा, माशी असेल.” माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून सगळे हसत, म्हणून मी मराठी मंडळींत तोंडच उघडत नसे. काकांकडे मात्र दर रविवारी जाऊन गप्प बसायचे. कुणी विचारलं तर ते सांगत, “ही ग्रह आहे. बोलत नाही, पण रविवारी चारला येतेच.”

कार्यक्रमात माझं काम बिनआवाजाचं होतं, म्हणूनच मी ते घेतलं होतं. पडद्याच्या कडेला, लोकांना न दिसता, जुन्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक धरून बसायचं. काटा उतरला की बोट वर करायचं. ते बघून काका “गेला!” म्हणत. दर वेळी त्याच टाळीला “गेला!” आलं की लोकांना भारी मौज वाटे.

त्या मिरच्यांच्या वर्षी, कार्यक्रमाआधीच्या रविवारी, चहा ओतताना काकांच्या हातून चहाची धार कपाबाहेर पडली. “मोतीबिंदू पिकलाय,” ते हळूच म्हणाले. “गणपती झाले की पुण्याला मुलाकडे. ऑपरेशन करायचं, मग तिकडेच राहायचं. कुणाला सांगू नकोस हं, बेटा. नाहीतर शेवटच्या कार्यक्रमाला मला हाताला धरून नेतील.”

माझं बोट दिसेल का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

ठेका सुरू झाला. काटा उतरला, मी बोट वर केलं. काका माझ्या शेजारच्या खांबाकडे बघत होते. मी अख्खा हात वर केला. थाळी फिरत राहिली, काका वाट बघत राहिले, टाळ्या विस्कळीत व्हायला लागल्या.

“काका, तारा सो गया क्या?” मागच्या रांगेतून मंडळाच्या सुधीरभियांनी विचारलं. “की माशी बसलीय?”

हॉल हसला. काकाही हसले, पण पडद्याआडचा त्यांचा हात अडखळला. तो मला एकटीलाच दिसत होता. मग टाळ्यांनी पुन्हा ठेका धरला, हातही चालू लागला, आणि त्याच टाळीला काटा पुन्हा उतरला.

मी पडद्याबाहेर आले.

“माशी नाही आहे, काका,” मी मोठ्यानं म्हणाले. “त्याच टाळीला परत गेला. ग्रहच आहे.”