बुवांचा वर राहिलेला हात

दुपारचा नैवेद्य झाला की देवळातला देवसुद्धा घटकाभर पडदा ओढून घेतो, मग प्रमिलाताईंची काय कथा! कानांवर हेडफोन, समोर संगणकाच्या पडद्यावर आवाजाची हिरवी नागमोडी रेघ, आणि गावच्या 'रेडिओ पाणवठा' केंद्राच्या खोलीत असा गारवा की पापण्या आपसूक जड होतात. पूर्वी इथे दूध थंड करून साठवायचं केंद्र होतं. केंद्र बंद पडलं, कॅन गेले, पण भिंतींत मुरलेला गारवा काही गेला नाही.

हिरवी रेघ एके ठिकाणी अगदी सपाट झाली आहे. सकाळपासून ताई तिथेच अडकून पडल्या आहेत.

ती सपाट जागा निमोणकरबुवांच्या कीर्तनातली आहे. बुवांना वैकुंठवासी होऊन महिना झाला. आज संध्याकाळी, त्यांच्या मासिक श्राद्धाच्या दिवशी, त्यांचं रेकॉर्डिंग गावाला ऐकवायचं आहे. बुवा स्टुडिओत आले ते एकदाच. पूर्वरंग सांगितला, "उत्तररंग पुढच्या खेपेला हं" म्हणाले, पगडी पिशवीत ठेवली आणि गेले ते गेलेच.

त्या दिवशी ऐकायला म्हणून गावातल्या चारचौघी आल्या होत्या. त्यांना चटईवर बसवलं आणि ताईंनी नेहमीसारखं बजावलं, की लाल दिवा लागला की कुणी चकार शब्द काढायचा नाही. कुणी खोकतं, कुणाच्या बांगड्या वाजतात, सगळं रेकॉर्डिंगमध्ये येतं. पूर्वरंग रंगत गेला. शेवटी बुवांनी उजवा हात उंच केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बोला, पुंडलीकवरदे!"

बायकांची तोंडं उघडलीच होती. तेवढ्यात काचेमागून ताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

कीर्तनातला अर्धा जयघोष बुवांचा आणि अर्धा लोकांचा. 'हरि विठ्ठल' म्हणायचं ते लोकांनी. आईच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकलेल्या प्रमिलाताईंना हे का ठाऊक नव्हतं? पण लाल दिव्याची सवय अंगात इतकी भिनलेली, की बोट आपोआप उठलं. बुवा हात वर करून तसेच उभे राहिले. मग इतकंच म्हणाले, "बरं."

काल बुवांच्या पत्नी, माई, ते रेकॉर्डिंग ऐकायला आल्या होत्या. शेवटपर्यंत डोळे मिटून बसल्या. उठताना म्हणाल्या, "छान झालंय हो. पण यांना ओ नाही का दिली कुणी?"

बस्स, ते वाक्य ताईंच्या कानांतून जात नाही.

यंत्रं सांभाळणारा रियाज म्हणाला होता, "ताई, मागच्या सप्त्यातला गजर आहे आपल्याकडे. तो इथे जोडू. कळणारही नाही कुणाला."

"दुसऱ्या बुवांना दिलेली ओ यांच्या पदरात घालू? उसना गजर, रियाज?"

"मग ती जागा कापून टाका. पण काय ते संध्याकाळच्या आत करा. मी चहाचं बघतो."

तो गेला. ताईंचं बोट कापायच्या बटणावर आहे. भिंतींवरच्या गोधड्या एकमेकींत मिसळत चालल्या आहेत. आवाज घुमू नये म्हणून महागडी पॅनेलं लावायला पैसे कुठले? रेडिओवर पाहुणी म्हणून आलेल्या प्रत्येक बाईने आपली एक जुनी गोधडी दिली, आणि त्याच भिंतींना ठोकल्या. गोधड्या आवाज पितात. रेघ सपाट आहे. सपाट आहे. सपाट...

काचेपलीकडे कुणीतरी पगडी सारखी करतं आहे.

"आलात बुवा?" ताई विचारतात. त्यांना जराही नवल वाटत नाही.

"गेलो कुठे होतो?"

ताई स्टुडिओचं दार लोटतात. आत मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे. सतरंजी अंथरलेली, उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. पण खांबांना गोधड्या गुंडाळल्या आहेत, आणि कुणी मान वळवून बघत नाही. पहिल्या ओळीत भागीरथी सुईण आहे. बाळाला न्हाऊमाखू कसं घालावं, ते तिने रेडिओवर सांगितलं होतं. तिच्यापासून हातभर लांब धुळा मेंढपाळ आहे, मेंढ्यांच्या बसण्यावरून पाऊस सांगणारा. भागीरथी मागच्या उन्हाळ्यात गेली, धुळा त्याच्याही आधी. ताईंना हे आठवतं, आणि आठवलं की पायांना गार लागतं.

खांबांवरच्या गोधड्या हळू आवाजात बोलताहेत. *कोमट पाणी घ्या... मेंढ्या दाटीनं बसल्या की समजा... मीठ चवीपुरतं...* इतक्या दिवसांत प्यालेलं सगळं आता गाळून गाळून बाहेर येतं आहे.

मधोमध नारदाच्या गादीवर बुवा उभे आहेत. उजवा हात वर. बाही खाली सरकली आहे, आणि आतला हात वाळक्या फांदीसारखा दिसतो आहे. तळव्यातून बुक्का झिरपतो आहे, काळा, बारीक, थांबत नाही.

"हात दुखला असेल बुवा. खाली घ्या ना."

"माझ्या हातात असतं तर घेतला नसता का? वर न्यायचा तो मी. उतरवायचा तो तुम्ही. शेंबड्या पोराला कळतं हे, प्रमिलाबाई."

"महिनाभर असेच उभे आहात?"

"न्यायला आले होते दोघे. म्हटलं, कीर्तन चालू आहे. मग बसले बापडे."

"कुठे बसले?"

"तुमच्या मागे, दाराशी. फार सभ्य आहेत हो. पण कंटाळलेत."

ताई मागे बघत नाहीत. मागून कुणीतरी सावकाश श्वास सोडतं, आणि मानेवरचे केस हलतात.

सतरंजी ओली आहे. ताई खाली बघतात, तर दूध. मंडपाच्या फरशीतून पांढरं, बर्फासारखं गार दूध वर येतं आहे. बसलेल्या माणसांच्या मांड्या बुडाल्या, कंबर बुडाली, तरी कुणी हलत नाही. आता हा मंडपही नाही, ते जुनं केंद्र आहे. छतातून पाइप गेलेत आणि कोपऱ्यात कॅन आपोआप एकमेकांवर आपटताहेत.

"अहो उठा, बुडाल!" ताई ओरडायला जातात, आणि तोंड उघडत नाही.

त्या ओठांवर बोटं फिरवतात. दोरा लागतो. ओठाला ओठ जोडून धावदोरा घातला आहे, गोधडीला घालतात तसा, सारख्या अंतराचा, नेटका. त्या भागीरथीकडे बघतात. तिच्याही ओठांवर तोच दोरा. धुळ्याच्या, मागच्या सगळ्या ओळींतल्या तोंडांवर तोच. प्रत्येक तोंडातून निघालेलं टोक दुधावर तरंगत येतं आहे आणि सगळी टोकं ताईंच्या उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेली आहेत. ओठांवर ठेवलेल्या त्याच बोटाला.

गाभाऱ्यात नंदादीप नाही. लाल दिवा जळतो आहे.

*दिवा चालू आहे बुवा. नियम आहे,* ताई मनातल्या मनात म्हणतात.

"नियम चांगलाच आहे," बुवा जणू ऐकून म्हणतात. "बडबडीला हवाच. पण नामाला कधीपासून लागला?"

दूध भागीरथीच्या हनुवटीला लागतं. जिने अर्ध्या गावाला पहिला श्वास घ्यायला लावला, ती बाई डोळे मोठे करून ताईंकडे बघते आहे, रागाने नाही, बाळंतिणीकडे बघावं तशी. *दे कळ. आता थांबू नको.*

बुवांचा आवाज उठतो, त्या दिवशीसारखाच खणखणीत.

"बोला, पुंडलीकवरदे!"

ताई बोटाला हिसडा देतात. दोरा ओठांतून सरसर निघतो, जिभेला रक्ताची चव येते, आणि कुठल्याशा लहान मुलीचा, आईच्या मांडीवरून उठलेला चिरका आवाज त्यांच्या तोंडून फुटतो,

"हरि विठ्ठल!"

मग भागीरथी. मग धुळा. मग सगळ्या ओळी, सगळे खांब, सगळ्या गोधड्या. कॅन दणाणतात. लाल दिवा लवतो, मिणमिणतो आणि समईसारखा पिवळा होतो. दूध कुठे गेलं कळतही नाही.

बुवांचा हात खाली येतो. सावकाश, कितीतरी वेळ तो खालीच येत राहतो, आणि ताईंच्या डोक्यावर टेकतो. दुधाच्या कॅनसारखा गार.

"बरं," बुवा म्हणतात. तोच शब्द. पण या वेळी पोटभर जेवलेल्या माणसाने म्हणावा तसा.

"आणि उत्तररंग, बुवा?"

"तो तिकडे. श्रोते खोळंबलेत."

दाराशी बसलेले दोघे उठतात. त्यांची पावलं वाजत नाहीत, फक्त सतरंजी दबते.

"ताई! अहो ताई!"

रियाज चहाचा कप घेऊन उभा आहे. "कुणाला ओ देत होता एवढ्या जोरात? पार बाहेर सायकलच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. डुलक्या रेडिओवर जात नाहीत हे नशीब!"

ताई हेडफोन काढतात. पडद्यावर रेघ तशीच आहे, सपाट जागेसकट.

"कापलं नाहीत अजून?"

"नाही कापायचं. जसं आहे तसं लाव."

"एवढी शांतता? लोकांना वाटेल रेडिओ बंद पडला."

"आधी मी सांगते ना त्यांना. बुवा साद घालतील. तुम्ही चुलीपाशी असा, गोठ्यात असा, ओ द्या म्हणावं. ती जागा तुमचीच आहे." ताईंचा घसा बसला आहे, शब्द खरखरीत येतात. "लाल दिवा आपल्या खोलीत आहे रियाज. त्यांच्या घरात थोडाच आहे!"

रियाज डोकं खाजवतो. "मग माईंना आत्ताच फोन करतो. त्या पहिल्या म्हणतील." तो वळतो आणि थांबतो. "ताई, मुठीत काय धरलंय एवढं घट्ट?"

ताई मूठ उघडतात. बोटाला दोरा गुंडाळलेला आहे. मूळचा पांढरा असावा, पण आता काळा पडला आहे, आणि त्या काळ्याची पूड तळहातावर सांडते आहे. त्या हात नाकाशी नेतात. बुक्का.

समोरच्या भिंतीवर भागीरथीची गोधडी आहे. तिची मधली एक शिवण उसवली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आतलं जुनं लुगडं किंचित बाहेर डोकावतं आहे.